युटात राहायला आलात? शेजारच्या मॉर्मन बायकांशी श्रद्धा आणि बाईपण यावर बोलायचं कसं

आम्हाला अमेरिकेतल्या युटा राज्यात येऊन आठ वर्षं झाली. सॉल्ट लेक सिटीकडून खाली प्रोवोला जाताना मध्ये लीहाय लागतं, तिथे राहतो. या पट्ट्यात सॉफ्टवेअर कंपन्या भरपूर, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याचं नाहीतर ठाण्याचं कोणीतरी नवीन कुटुंब येतं आणि खोकी उघडायच्या आत मला मेसेज, ताई, समोरची बाई ब्रेड घेऊन आली होती, खूप गोड आहे, पण तिच्याशी बोलू काय, ते मॉर्मन आहेत ना, त्यांच्यात बायकांना दाबून ठेवतात म्हणे. हा मेसेज इतक्यांदा आलाय आणि दर वेळी मी तुकड्या-तुकड्यात उत्तर दिलंय, म्हणून आता सगळं एका जागी लिहून काढते.

माझ्या इथल्या सगळ्यात जवळच्या तीन मैत्रिणी याच चर्चमधल्या. एक पक्की श्रद्धाळू, पाच मुलांची आई. दुसरी स्वतःला फेमिनिस्ट म्हणवते आणि तरी दर रविवारी न चुकता जाते. तिसरीने चर्च सोडलं, पण तिची आई आणि दोन्ही बहिणी अजून आत आहेत. तिघींनी मला जे सांगितलं त्यातनंच हे शिकलेय, त्यामुळे यात पुस्तकी काही नाही, जिथे तारखा आहेत तिथे त्या नीट बघून लिहिल्यात.

आधी नावाचं बघू

चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० ला न्यूयॉर्क राज्यात सुरू केलं. मॉर्मन हे नाव त्यांच्या बुक ऑफ मॉर्मन या ग्रंथावरून लोकांनी पाडलेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी जाहीर सांगितलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. तेव्हापासून माझी श्रद्धाळू मैत्रीण तो शब्द वापरत नाही, ती नुसतं "मेंबर" म्हणते. फेमिनिस्ट मैत्रीण मात्र मॉर्मनच म्हणते, कारण तिच्या मते तो तिच्या आजी-पणजीचा शब्द आहे आणि तो तिच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. तर सोपा नियम, समोरची स्वतःला जे म्हणते तेच तुम्ही म्हणा. मी इथे मॉर्मन लिहितेय कारण मराठीत तोच शब्द माहीत आहे. आणि "तुम्ही खरे ख्रिश्चन आहात का" हे कधीच विचारू नका, तो घाव जुना आहे.

वॉर्ड कसा चालतो ते माहीत असू द्या, नाहीतर अर्धं बोलणं डोक्यावरून जातं

वॉर्ड म्हणजे तुमच्या भागाची मंडळी. कुठल्या वॉर्डात जायचं ते पत्त्यावरून ठरतं, आवडीनिवडीवर नाही, त्यामुळे गल्लीतले बरेच लोक रविवारी एकाच हॉलमध्ये बसतात. वॉर्डचा प्रमुख बिशप, त्याला पगार नसतो, तो आठवडाभर आपली नोकरी करतो, आमच्या इथला आधीचा बिशप दातांचा डॉक्टर होता. बाकी सगळ्यांना काही ना काही काम दिलेलं असतं, त्याला कॉलिंग म्हणतात. पियानो वाजवणं, मुलांचा वर्ग घेणं, हिशोब ठेवणं, सगळं फुकट.

आता मुद्द्याचा शब्द, प्रीस्टहुड. देवाच्या नावाने विधी करण्याचा अधिकार. मुलगा ज्या वर्षी बारा वर्षांचा होतो त्या वर्षीपासून त्याला तो मिळू शकतो, मुलीला किंवा बाईला मिळत नाही. १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांनाही मिळत नव्हता, त्या वर्षी जूनमध्ये ते बदललं. बाई बिशप होऊ शकत नाही, प्रसादाच्या ब्रेडवर प्रार्थना म्हणू शकत नाही. बायकांची स्वतःची संघटना आहे, रिलीफ सोसायटी, अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायका त्यात येतात, तिची अध्यक्ष बाईच असते, पण तिला त्या कामावर बोलावतो बिशप. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं कळतं.

मी केलेली चूक, तुम्ही करू नका

माझ्या दुसऱ्या मुलाच्या वेळी सिझेरियन झालं, जानेवारी महिना, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आईला व्हिसा वेळेत मिळाला नाही. घरात मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरची बाई आली, आत पण आली नाही, दारातच उभी राहून तीन प्रश्न विचारले, काय खात नाही, किती वाजता जेवता, आणि मोठी मुलगी कशावर रुसते. बस. दुसऱ्या दिवसापासून सलग नऊ दिवस नऊ घरांतून जेवण आलं. मी त्यांच्या चर्चची नाही, होणारही नाही, हे त्यांना माहीत होतं. अॅल्युमिनियमचा ट्रे, वर फॉइल, फॉइलवर कागदी चिकटपट्टी आणि त्यावर पेनने लिहिलेलं, ३५० वर २० मिनिटं. कोणाचं नाव नाही. एकीने इंटरनेटवर बघून खास आमच्यासाठी डाळ केली होती, दालचिनी जरा जास्तच पडली होती, आणि ती डाळ मी रडत रडत खाल्ली.

नवव्या दिवशी जी आली ती पुढे माझी जवळची मैत्रीण झाली, ती श्रद्धाळू म्हणाले ना, तीच. तिला मी विचारलं, तुम्ही एवढं करता आणि तुम्हाला पद काही देत नाहीत, तुला राग नाही येत? मला वाटलं मी तिच्या बाजूने बोलतेय. तिने ट्रेवरचं फॉइल परत कडेने नीट दाबलं, थोडा वेळ गप्प बसली, आणि म्हणाली, "तुझ्याकडे जेवण आणताना मी कोणत्याच पुरुषाला विचारलं नव्हतं."

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. मी तिच्या हातातलं काम बघितलंच नव्हतं, तिच्या हातात काय नाही एवढंच बघितलं होतं. तिला राग येतच नाही असं अजिबात नाही, वर्षभराने तिने मला सांगितलं की येतो, कधी कधी खूप येतो. पण ते तिने सांगितलं कारण मधलं वर्षभर मी तो प्रश्न परत विचारला नव्हता.

म्हणून माझी पद्धत अशी, मोठा प्रश्न विचारायचाच नाही, कामाबद्दल विचारायचं. तुझं कॉलिंग काय आहे? त्यात काय काय करावं लागतं? याच्या आधी कोणतं होतं, कोणतं आवडलं? रात्री अकराला कोणाचा फोन आला तर काय करतेस? बाई आपल्या कामाबद्दल बोलायला लागली की तिची श्रद्धा, तिचा राग, बिशपशी झालेला वाद, सगळं त्यातनंच येतं, आपल्याला खणावं लागत नाही.

आजी-पणजीबद्दल विचारा, तिथे खजिना आहे

हे मला खूप उशिरा कळलं. इथल्या जुन्या घराण्यांतल्या बायकांना आपल्या खापरपणजीची गोष्ट तोंडपाठ असते, कोण इंग्लंडहून आली, कोण डेन्मार्कहून, कोणाचं मूल वाटेत गेलं, मैदानं तुडवत गाडीबरोबर पायी कोण चालली. पहिला जथा २४ जुलै १८४७ ला सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला, त्या दिवशी अजून राज्यभर सुट्टी असते. त्या दिवशी शेजारणीला विचारून बघा, तुमच्यातलं कोण होतं? तासभर तरी निघतो.

आणि थोडा इतिहास तुम्हालाही माहीत असू द्या. रिलीफ सोसायटी सुरू झाली १७ मार्च १८४२ ला, इलिनॉयमधल्या नॉवू गावात, जोसेफ स्मिथ यांच्या विटांनी बांधलेल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जेमतेम वीस बायका. मुळात त्यातल्या काहींना मंदिर बांधणाऱ्या कामगारांसाठी शर्ट शिवायचे होते, तिथून हे सुरू झालं. एमा स्मिथ पहिल्या अध्यक्ष, एलायझा स्नो सचिव, आणि एलायझाबाईंनी बैठकांचं टिपण इतकं व्यवस्थित ठेवलं की कोण काय बोललं ते आजही वाचता येतं. पुढे युटात आल्यावर या बायकांनी स्वतःचे हॉल बांधले, दुकानं चालवली, १८७६ पासून दुष्काळासाठी गहू साठवायला लागल्या, शेतात सांडलेले दाणे वेचून सुद्धा, आणि १९१८ मध्ये महायुद्धाच्या वेळी त्यातला २ लाखांहून जास्त बुशेल (धान्य मोजायचं माप) गहू अमेरिकन सरकारला विकला. वुमन्स एक्स्पोनंट नावाचं त्यांचं वर्तमानपत्र १८७२ ते १९१४ चाललं, संपादक बायकाच, आणि त्यात मतदानाच्या हक्कावर उघड उघड लिहायच्या.

मतदानाचं ऐकून तर मी थक्क झाले. १२ फेब्रुवारी १८७० ला युटात बायकांना मताचा हक्क मिळाला आणि दोनच दिवसांनी सेराफ यंग नावाच्या तरुण शिक्षिकेने सॉल्ट लेक सिटीच्या निवडणुकीत मत टाकलं. तेव्हा इथे बहुपत्नीत्व चालू होतं, म्हणून बाहेरच्या लोकांना वाटायचं या बायका गुलाम आहेत, मत मिळालं की आधी तेच मोडून काढतील. तसं झालं नाही, आणि १८८७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून तो हक्क काढून घेतला. सतरा वर्षं वापरलेला हक्क! १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा या बायकांनी भांडून तो परत राज्यघटनेत घालून घेतला. त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, अमेरिकेतल्या पहिल्या महिला स्टेट सिनेटर, आणि उमेदवारांच्या यादीत त्यांचा नवरा पण होता, तो हरला. त्या नवऱ्याची त्या चौथी बायको होत्या. आता सांगा, या बाईला दबलेली म्हणायचं की मोकळी? मला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि माझ्या मैत्रिणींनाही येत नाही. २०२४ पासून त्यांचा पुतळा वॉशिंग्टनला कॅपिटॉलमध्ये आहे.

वयस्कर बायकांशी बोललात तर अजून एक गोष्ट निघेल, त्यांचे बझार. रिलीफ सोसायटी पूर्वी स्वतः पैसे उभे करायची, गोधड्या शिवून, लोणची-मुरंबे विकून, आणि ते पैसे कुठे घालायचे ते बायका ठरवायच्या. साधारण १९७० च्या सुमाराला सगळा कारभार वरून एकत्र चालवायचं ठरलं, पैसा मध्यवर्ती झाला, त्यांचं १९१५ पासूनचं मासिक १९७० च्या शेवटी बंद झालं. आमच्या गल्लीतल्या एक ऐंशीच्या आजी मला म्हणाल्या, "आमच्या कपाटाची किल्ली आमच्याकडे होती." प्रीस्टहुडबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही, पण त्या किल्लीबद्दल बोलताना अजून आवाज बदलतो त्यांचा.

फेमिनिस्ट हा शब्द आधी तुम्ही काढू नका

आपल्याला वाटतं साधा शब्द आहे. इथे त्याला मोठा इतिहास आहे. १९७२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती मंजूर केली, मग ती राज्यांकडे गेली, आणि १९७६ मध्ये चर्चने तिला अधिकृत विरोध जाहीर केला. १९७७ च्या जूनमध्ये सॉल्ट लेक सिटीला महिला परिषद भरली, तेव्हा वॉर्डा-वॉर्डातून बायका गेल्या, तेरा-चौदा हजार जमल्या आणि प्रस्तावामागून प्रस्ताव पाडले. घटनादुरुस्तीच्या बाजूने जाहीर लढणाऱ्या सोनिया जॉन्सन यांना डिसेंबर १९७९ मध्ये चर्चमधून काढलं. सप्टेंबर १९९३ मध्ये सहा अभ्यासकांवर कारवाई झाली, त्यात तीन बायका. २०१३ मध्ये केट केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना प्रीस्टहुड द्या म्हणून ऑर्डेन वुमन ही मोहीम काढली, ऑक्टोबरमध्ये सॉल्ट लेकच्या टेम्पल स्क्वेअरवर पुरुषांच्या सभेत आत सोडा म्हणून रांगेत उभ्या राहिल्या, आत सोडलं नाही, आणि जून २०१४ मध्ये केट केलींना काढून टाकलं.

काढून टाकणं म्हणजे नुसतं सदस्यत्व जाणं नाही. यांच्या श्रद्धेत मंदिरात जोडलेलं कुटुंब मेल्यावरही एकत्र राहतं. त्यामुळे बाईला प्रश्न पडतो की मी बोलले तर माझी मुलं मला पुढच्या जगात भेटणार का. हे समजून घेतल्याशिवाय "मग बोलत का नाही तुम्ही" असं म्हणू नका. माझी फेमिनिस्ट मैत्रीण कॉफी न मिळणाऱ्या कॅफेत बसून सुद्धा तो शब्द हळू आवाजात म्हणते.

तरी या बायका गप्प बसल्या असंही नाही. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या काही मॉर्मन बायकांनी, त्यात पुढे पुलित्झर मिळालेल्या इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिक पण होत्या, हार्वर्डच्या लायब्ररीत जुन्या एक्स्पोनंटचे बांधलेले अंक पाहिले आणि आपल्याच पणज्यांचं लिखाण वाचून १९७४ मध्ये एक्स्पोनंट टू नावाने नवा अंक सुरू केला, तो अजून निघतो. म्हणजे बंड करायला त्यांना बाहेर बघावं लागलं नाही, घरातलीच जुनी पेटी उघडली.

बदलही होतात, हळूहळू. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुलींचं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जायचं वय २१ वरून १९ केलं आणि मुलींची रीघ लागली. एप्रिल २०१३ मध्ये जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सगळ्या चर्चच्या मोठ्या सभेत, पहिल्यांदा एका बाईने प्रार्थना म्हटली. ऑक्टोबर २०१९ पासून बायकांना बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल, पण माझ्या श्रद्धाळू मैत्रिणीची सासू, सत्तरीची, नातवाच्या बाप्तिस्म्याला पाण्याच्या कडेला साक्षीदार म्हणून उभी राहिली तेव्हा रडत होती. म्हणून तुम्हाला कोणी असं काही आनंदाने सांगितलं तर "एवढंच?" असा चेहरा करू नका.

नुसतं बघायला बोलावलं तर जा

महिन्याच्या पहिल्या रविवारी बहुतेक बाळांना आशीर्वाद देतात, नाव ठेवतात, आपल्या बारशासारखं. मैत्रिणीच्या बहिणीच्या बाळाला मी गेले होते. पुढे बाळाचा बाप, आजोबा, काका, बिशप असे सात-आठ पुरुष गोल करून उभे राहिले, प्रत्येकाचा डावा हात शेजारच्याच्या खांद्यावर आणि उजवा हात बाळाखाली, आणि सगळे मिळून त्याला हळूहळू वर-खाली झुलवत होते, बापाने माइकमध्ये नाव सांगितलं, आशीर्वाद दिला. फार सुंदर दिसत होतं, खरंच. आणि आई? आई दुसऱ्या रांगेत बाकावर. पंधरा दिवसांपूर्वी बाळंत झालेली, हातात बाळाचं दुपटं, ते ती घडी करायची, उलगडायची, परत घडी करायची. मध्ये बाळ रडलं तेव्हा ती अर्धी उठली आणि परत बसली. मग बापाने बाळाला वर धरून सगळ्यांना दाखवलं आणि सगळे हसले, ती पण हसली.

माझ्या शेजारी दोन बहिणी बसल्या होत्या. बाहेर आल्यावर एक म्हणाली, किती समाधान वाटलं, नाहीतर आमचे पुरुष बाळाला कधी हात लावतात, इथे तरी सगळ्यांसमोर जबाबदारी घेतात. दुसरी म्हणाली, मला तर ते दुपटंच दिसत होतं. एकाच आईच्या पोटच्या दोघी, एकाच बाकावर बसलेल्या. मला दोन्ही खरं वाटतं. हे तुम्हाला कोणी समजावून सांगू शकत नाही, तिथे बसून बघावं लागतं. जाताना साधा ड्रेस घाला, पंजाबी ड्रेस चालतो, साडी असेल तर दहा जणी येऊन हात लावून बघतील. प्रसादाच्या ब्रेडचा ट्रे पुढे आला की घ्या नाहीतर पुढे द्या, कोणी काही म्हणत नाही. मंदिरात मात्र बाहेरच्यांना जाता येत नाही, वॉर्डचा हॉल वेगळा आणि मंदिर वेगळं, गल्लत करू नका.

जपून बोलायच्या गोष्टी

बहुपत्नीत्व. पहिल्या भेटीत नकोच. चर्चने ते १८९० मध्ये बंद करायचं जाहीर केलं, आज कोणी केलं तर काढून टाकतात. पण ओळख वाढली की कळेल, प्रश्न पूर्ण संपलेला नाही. बायको वारलेल्या पुरुषाला दुसऱ्या बायकोशीही मंदिरात कायमचं जोडून घेता येतं, जिवंत बाईला मात्र एकाच नवऱ्याशी. म्हणजे बाईच्या मनात येतंच की मी आधी गेले तर वर माझ्याबरोबर अजून कोणी असणार का. माझी फेमिनिस्ट मैत्रीण हे एकदा भांडी पुसता पुसता बोलली, तिच्या नवऱ्याशी सुद्धा हे कधी बोलली नाही म्हणाली. अशा वेळी सल्ला द्यायचा नाही, दुसरं भांडं पुसायला घ्यायचं.

आतले पवित्र कपडे हा विषय तुमच्याकडून कधीच नको. "ब्रेनवॉश" हा शब्द तर चर्च सोडलेल्या मैत्रिणीसमोर पण नको, तिची आई अजून जाते.

आणि एक विषय जो उघडावासा वाटला तर जरूर उघडा, स्वर्गातली आई. यांच्या श्रद्धेत देवबापाबरोबर देवआई आहे, एलायझा स्नो यांनी १८४५ मध्ये लिहिलेल्या गीतात ती आहे आणि ते गीत आजही चर्चमध्ये गातात. पण तिची प्रार्थना करायची नाही असं १९९१ मध्ये चर्चचे एक वरिष्ठ नेते गॉर्डन हिंकली यांनी सांगितलं. म्हणजे आई आहे, पण तिला हाक मारायची नाही. मी मैत्रिणीला सांगितलं की आमच्याकडे विठोबा पुरुष देव, कमरेवर हात ठेवून उभा, आणि आम्ही त्यालाच माऊली म्हणतो. तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाली, तुम्हाला कोणी परवानगी दिली? मी म्हटलं, कोणीच नाही, बायका जात्यावर बसून म्हणायच्या. त्या दिवशी आम्ही तीन तास बोललो.

तुमच्यावरही प्रश्न येणार, तयारी ठेवा

हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, गल्लीतल्या सहा जणी आल्या, वाण म्हणून मी छोट्या कुंड्या दिल्या. चर्च सोडलेल्या मैत्रिणीने विचारलं, नवरा वारलेली बाई याला येते का? मी तेव्हा खरं सांगितलं. माझ्या मावशीला आमच्या घरी कधी बोलावलं नाही, ती संक्रांतीला स्वयंपाकघरात तिळगूळ वळायची आणि बाहेर यायची नाही, आणि आम्हा कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीचं सांगितलं, २०२२ मध्ये त्यांनी विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचं पण सांगितलं, तिथे बायकांना २०१६ मध्ये वर जाता आलं. श्रद्धाळू मैत्रीण ऐकत होती, ती म्हणाली, मग तू हळदीकुंकू सोडलं का नाहीस? मी म्हटलं, मावशीला बोलावून करते आता, व्हिडिओ कॉलवर का होईना. ती म्हणाली, हां, तसंच.

त्या "तसंच" मध्ये मला तिचं सगळं कळलं. चर्च का सोडत नाही हे मी तिला त्यानंतर कधी विचारलं नाही.

सोडलेल्या बाईला पण "सुटलीस बाई" म्हणू नका. तिची गल्ली, तिची गाणी, आजारपणात येणारे ट्रे, सगळं एका दिवसात गेलेलं असतं. आणि काढून टाकल्यावरही न सोडणाऱ्या असतात. त्या १९९३ च्या सहा जणांतल्या लविना फील्डिंग अँडरसन काढल्यानंतरही वर्षानुवर्षं आपल्या वॉर्डात जाऊन बसायच्या, प्रसाद घ्यायचा हक्क नसताना. २०१९ मध्ये त्यांनी परत घ्या म्हणून केलेली विनंती वरून नाकारली गेली. २०२३ मध्ये त्या गेल्या. माझ्या दोन मैत्रिणी, एक आतली एक बाहेरची, दोघी त्यांच्याबद्दल सारख्याच आदराने बोलतात.

रोजच्या वापरातलं थोडं

चहा-कॉफी पीत नाहीत, विचारून अडचणीत टाकू नका. कोकम सरबत, पन्हं, ताक, हळदीचं दूध चालतं. गवती चहा पत्तीशिवाय उकळला तर चालतो, पण "चहा" म्हणून पुढे करू नका, आधी सांगा की पत्ती नाही. त्यांच्या बटाट्याच्या कॅसरोलमध्ये बहुतेक चिकनचं सूप असतं, शाकाहारी असाल तर आधीच सांगा, मशरूमचं घालून देतात, वाईट वाटून घेत नाहीत. सोमवारी संध्याकाळी बरीच घरं आपापल्या मुलांबरोबर असतात, तेव्हा फोन नको. रविवारी बरेच जण खरेदीला, हॉटेलात जात नाहीत, वाढदिवस शनिवारी ठेवा.

मिशनरी मुली दारात येतील, छातीवर नावाची पट्टी, दोघी-दोघी. दीड वर्ष घरापासून लांब असतात, त्यातली एखादी तर जेमतेम विशीची, घरची आठवण काढणारी. पाणी द्या, बसू द्या, आणि धर्म बदलायचा नाही हे एकदा स्पष्ट आणि नीट सांगून टाका. गोलगोल बोललात तर त्या परत येत राहतात आणि मग तुम्ही दार उघडायचं टाळता, ते वाईट दिसतं. शेजारणीलाही असंच सांगा. माझी मैत्रीण म्हणाली, बरं झालं सांगितलंस, आता मी नुसती मैत्रीण राहू शकते.

महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा असतो, साधारण दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात. त्या दिवशी दुपारी कोणाला जेवायला बोलावू नका. संध्याकाळी मात्र बोलवा. माझ्याकडे महिन्याआड त्या रविवारी संध्याकाळी सहाला तिघी येतात, आतली, अर्धी आतली आणि बाहेरची, उपवास दोघींचाच असतो पण जेवायच्या थांबतात तिघी. वरणभात, वर साजूक तूप, लिंबाची फोड. सुरुवात कोणी करायची, प्रार्थना म्हणायची की नाही, म्हटली तर कोणी, हे दर वेळी त्या तिघी ठरवतात, आणि मी तोपर्यंत ताटं वाढते.